‘रोक’ या शब्दाची लांबी

नऊ फेब्रुवारी, सकाळी दहा वाजून सतरा मिनिटे. एका खासगी कारखान्याच्या नियंत्रण कक्षातील ध्वनिमुद्रकाने या वेळेला एक शब्द टिपला: ‘रोक’. दोन सेकंदांनी तोच शब्द पुन्हा आला. दोन्ही वेळा आवाज स्वच्छ होता, मागे कसलीही खरखर नव्हती. त्यानंतर मुद्रणात काही नाही. त्या शांततेत साडेतीन टनांची एक पोलादी प्लेट तुलाराम नावाच्या खलाशाच्या, म्हणजे भार बांधणाऱ्या कामगाराच्या, डाव्या पावलावर उतरली.

आपल्या भिलाईच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात कामाच्या आठवणी सहसा निवृत्त मंडळी लिहितात. माझी नोकरी जेमतेम सहा वर्षांची आहे आणि आठवणी काढण्याइतके माझे वय नाही, असे मी संपादकांना कळवले होते. त्यांनी उत्तर दिले की तुझे काम नेमके काय आहे हे सेक्टर सहामध्ये तुझ्या वडिलांनाही सांगता येत नाही, तेव्हा निदान तेवढे लिही. हा आक्षेप रास्त होता. मी भौतिकशास्त्र शिकले, मग इलेक्ट्रॉनिक्स, आणि आता एका छोट्या कंपनीसाठी भिलाईच्या आसपासच्या कारखान्यांतले वॉकीटॉकी संच बसवते, तपासते, दुरुस्त करते. पुढील शिक्षणासाठी बाहेर जाण्याचा विचार पक्का आहे. तोवर हे काम मी प्रयोगशाळेसारखे करते, आणि त्यामुळे काही लोकांना माझा त्रास होतो.

आधी यंत्र समजून घेऊ. रेडिओ संच चालू आहे आणि कोणी बोलत नाही, अशा वेळी त्यातून सतत खरखर ऐकू यायला हवी, कारण हवेत गोंगाट असतोच. तो ऐकू येत नाही, कारण आत एक फाटक असते. त्याला स्क्वेल्च म्हणतात. पुरेशी बळकट लहर आली की फाटक उघडते, लहर गेली की मिटते. हा झाला साधा प्रकार. पण समजा एकाच वारंवारितेवर पाच टोळ्या काम करतात. मग पहिल्या टोळीचे बोलणे इतर चौघींनाही ऐकावे लागते. त्यावर उपाय म्हणून प्रत्येक टोळीला एक टोन देतात. बटण दाबले की बोलण्याच्या तळाशी एक मंद घुमणारा सूर आपोआप जातो. तो इतका खालच्या पट्टीचा असतो की स्पीकर तो गाळून टाकतो आणि माणसाला तो जाणवत नाही. समोरच्या संचाचे फाटक आता नुसत्या लहरीवर उघडत नाही. आपल्या टोळीचा सूर ओळखला तरच उघडते. काही संचांत सुराऐवजी अंकांचा संकेत असतो, तत्त्व तेच.

सेक्टरमधल्या क्वार्टरचा जिना डोळ्यांपुढे आणा. चार घरांच्या चार वेगळ्या घंट्या. आपली वाजली तरच आपण दार उघडतो. पण जिना एकच आहे. एका घराचे कपाट जिन्यात अडकले, तर बाकीच्यांची वाट बंद होते, आणि दार मिटून बसलेल्यांना ते कळतही नाही. टोनमुळे वारंवारिता वाढत नाही. शेजारी फक्त ऐकू येईनासा होतो.

हे न समजल्याने माझ्याकडे गिऱ्हाइके येतात. रिसालीतल्या एका मंगल कार्यालयाच्या व्यवस्थापकाने खोक्यावर ‘प्रायव्हसी कोड’ असे छापलेले संच विकत घेतले आणि स्वयंपाकघराला निर्धास्तपणे हुकूम सोडू लागला. वरात अपेक्षेपेक्षा मोठी निघाली तेव्हा पनीर मागे ठेवून बटाटा पुढे करण्याची त्याची सूचना शेजारच्या लॉनमधल्या मांडववाल्याने शब्दशः ऐकली, आणि ती मुलाच्या मामापर्यंत पोहोचवली. व्यवस्थापक संच घेऊन माझ्याकडे आला. मी त्याला समजावले की या कोडने तुमचे तोंड बंद होत नाही, तुमचा कान बंद होतो; दुसऱ्याने आपला टोन काढून ठेवला की त्याला सगळे ऐकू येते.  तो म्हणाला, “मंग मॅडम, मी इतके दिवस कोणापासून लपवून राहिलो होतो?” त्याचे उत्तर माझ्या कामाच्या कक्षेत येत नव्हते.

नंदिनी नगरकडच्या एका वाहतूक ठेकेदाराची तक्रार उलटी होती. दोन कंपन्यांचे संच, दोन्हींत एकच अंक-संकेत भरलेला, तरी एकमेकांना बहिरे. एक कंपनी तो संकेत सुलटा पाठवते, दुसरी उलटा वाचते, एवढेच कारण होते. ठेकेदाराचा जुना स्कॅनर मात्र दोघांचेही बोलणे व्यवस्थित ऐकत होता. त्यामुळे संच चांगले आहेत आणि त्याचे चालक कामचुकार आहेत, अशी त्याची खात्री पटली होती. स्कॅनर म्हणजे अनेक वारंवारिता चाळत जाऊन जिथे बोलणे असेल तिथे थांबणारा, फक्त ऐकणारा संच. जुन्या स्कॅनरला टोन कळत नाहीत, अंक-संकेतही कळत नाहीत. त्याचे फाटक कोणत्याही लहरीला उघडते. न कळण्याचा हा गुण आहे, आणि त्यातूनच पुढचा घोटाळा झाला.

तुलारामच्या अपघाताची चौकशी सुरू झाली तेव्हा आमच्या कंपनीला बोलावणे आले. दुसरे कोणी मोकळे नसल्याने मी गेले. प्रकरण साधे दिसत होते. वरची क्रेन देवराव कापगते चालवत होते. साकोलीकडचे शेतकरी घराणे, वडिलांच्या काळात इकडे आलेले. क्रेनच्या केबिनमध्ये त्यांची अठ्ठावीस वर्षे गेली होती. खाली सिग्नलमन होता समारू, जवळच्याच गावचा. ट्रेलरच्या आडोशाला काम चालले होते, त्यामुळे केबिनमधून समारूचा हात दिसत नव्हता. रेडिओ हाच एक दुवा. तुलारामचा पाय प्लेट टेकवायच्या दोन लाकडी स्लीपरांच्या फटीत अडकला. समारूने दोनदा ‘रोक’ म्हटले. कापगत्यांनी क्रेन थांबवली नाही. तुलारामची तीन बोटे गेली. मुद्रण उपलब्ध होते. कापगत्यांना निलंबित केले होते, आणि आरोप सिद्ध झाला तर नोकरी जाणार होती.

सुरक्षा विभागाचे प्रमुख डोंगरे साहेब मूळ नागपूरचे, कामाला चोख. त्यांनी माझ्यासमोर दोन प्रश्न ठेवले. मुद्रण खरे आहे का? आणि कापगत्यांचा संच सुस्थितीत होता का? मी दोन्ही तपासले. मुद्रण अस्सल होते. संचही उत्तम होता; बॅटरी भरलेली, आवाजाचे बटण वर, ग्रहणशक्ती नव्या संचासारखी. दोन्ही उत्तरे ‘हो’ होती, आणि ती दोन्ही एकत्र दिली की कापगत्यांच्या विरुद्ध पुरावा पूर्ण होत होता. आमच्या मालकांनी फोनवर सांगितले की उत्तरे लिहून दे आणि ये, वार्षिक कंत्राटाचे नूतनीकरण जवळ आले आहे.

मी निघण्यापूर्वी कापगत्यांना भेटले. ते हजेरी नोंदवणाऱ्या वेळकचेरीबाहेरच्या बाकावर बसले होते. माझ्या हातात त्यांचा संच पाहून उठून उभे राहिले.

“बाई, मले आवाज आलाच नाही. आला असता तं थांबवला नसता काय? खोटं कावून बोलू मी?”

मी विचारले की याआधी कधी असे झाले होते का. ते जरा घुटमळले. गेल्या चार महिन्यांत अधूनमधून झाले होते. खालचा माणूस ‘सांगितले’ म्हणायचा, आणि वर काही आलेले नसे. साहेबांनी त्यांना दोनदा कान तपासायला पाठवले होते.

“डॉक्टर म्हणते कान तुमचे पोरासारखे हायेत. ते मी घरी सांगितलं, तं घरची म्हणते, मंग माझं बोलणं तुमाले कावून ऐकू येत नाही?” एवढे बोलून ते हसले, आणि लगेच गंभीर झाले. आपल्या परिस्थितीत हसणे शोभत नाही असे त्यांना वाटले असावे.

मला त्यांच्याबद्दल विश्वास किंवा अविश्वास काहीच वाटला नाही. मला एवढेच दिसले की दोन यंत्रांनी एकाच लहरीविषयी दोन वेगळे निष्कर्ष दिले आहेत, आणि दोन्ही यंत्रे सुस्थितीत आहेत. अशा ठिकाणी उत्तर लिहून निघून जाणे मला जमत नाही. मी डोंगरे साहेबांकडे आणखी दोन दिवस मागितले.

“मॅडम, तुमाले दोनच प्रश्न विचारले होते,” ते म्हणाले. “हो का नाही, एवढंच पायजे.”

मी सांगितले की तिसरा प्रश्न विचारलेला नाही, म्हणून पहिली दोन उत्तरे दिशाभूल करतील. तिसरा प्रश्न कोणता, हे त्यांनी विचारले नाही. दोन दिवस मात्र दिले.

तिसरा प्रश्न वेळेचा होता. फाटक उघडायला किती वेळ लागतो? टोन ओळखायचा म्हणजे त्याची काही आवर्तने मोजावी लागतात. सूर जितका खालचा, तितके एकेक आवर्तन लांब, तितका ओळखायला उशीर. त्या कारखान्यात टोन वाटताना कोणीतरी चढत्या क्रमाच्या यादीच्या वरून सुरुवात केली होती, त्यामुळे पहिल्या टोळीला, म्हणजे कापगत्यांच्या क्रेनला, सर्वांत खालचा सूर मिळाला: सदुसष्ट हर्ट्झ. त्यात भर म्हणजे संचाची बॅटरी वाचवण्याची सोय चालू होती. शांतता असताना संच डुलक्या घेतो, मधून मधून जागा होऊन लहर आली का पाहतो. दोन्ही उशिरांची बेरीज मी ऑसिलोस्कोपवर मोजली. बटण दाबल्यापासून आवाज बाहेर पडेपर्यंत सरासरी ०.५८ सेकंद.

मग मुद्रणातला ‘रोक’ मोजला. बटण दाबण्यापासून सोडण्यापर्यंत, दोन्ही वेळा, ०.४ सेकंदाच्या आतबाहेर.

समारूने घाबरून बटण दाबले, शब्द फेकला, बटण सोडले. पुन्हा दाबले, फेकला, सोडले. दोन्ही वेळा कापगत्यांच्या संचाचे फाटक उघडण्यापूर्वीच लहर संपली होती. नियंत्रण कक्षातल्या मुद्रकाला जोडलेला होता जुना स्कॅनर. त्याला टोन कळत नव्हता, म्हणून त्याने वाट पाहिली नाही, आणि संपूर्ण शब्द टिपला. चौकशी समितीने स्कॅनरचा कान हाच कापगत्यांचा कान मानला होता.

एक प्रश्न उरला. संच तीन वर्षांपूर्वीचे, टोन तोच, मग तक्रारी चारच महिन्यांच्या का? त्याचे उत्तर मला जुन्या मुद्रणांत सापडले. पूर्वी इथले सिग्नलमन भार उतरवताना बटण दाबून धरायचे आणि सलग बोलत राहायचे: ‘आवन दे, आवन दे, आवन दे’, म्हणजे येऊ दे, येऊ दे. प्लेट टेकेपर्यंत हा जप चालायचा. चार महिन्यांपूर्वी सूचना निघाली की रेडिओवर एका शब्दात आज्ञा द्यावी, अनावश्यक बोलू नये. सूचना निराधार नव्हती. पाच टोळ्यांना एकच वारंवारिता. एकीचा जप चालू असताना उरलेल्या चौघींचा जिना अडलेला. त्यांच्या तक्रारी आल्या होत्या आणि डोंगरे साहेबांनी त्या सोडवल्या होत्या. मात्र जप चालू असताना फाटक आधीच उघडे असे, आणि त्यातला ‘रोक’ पूर्ण पोहोचत असे. जप गेला तसे प्रत्येक आज्ञेला बंद फाटकापासून सुरुवात करावी लागली. सवयीने म्हटलेली ‘जरा उजवीकडे घे’ यासारखी लांब आज्ञा डोके कापले जाऊनही शेपटावरून कळायची. पूर्ण नाहीसा होऊ शकेल इतका छोटा शब्द एकच होता, आणि कारखान्यात त्याच्याइतका महत्त्वाचा दुसरा नव्हता.

त्या संध्याकाळी घरी वडिलांना हे सांगितले. ते भिलाईच्या पोलाद कारखान्यात कारकून होते. चौकशांच्या फायली त्यांनी पुष्कळ पाहिल्या आहेत. ऐकून म्हणाले, “तू माणसाले वाचवून राहिली का आपल्या मशीनले?” मी म्हटले, मी मोजून राहिले. त्यांना हे उत्तर आवडले की नाही, ते कळले नाही.

समितीसमोर मी भाषण केले नाही. टेबलावर दोन स्कॅनर ठेवले. एक त्यांचाच जुना. दुसरा आमचा नवा, ज्यात टोन ओळखण्याची सोय आहे आणि जो निवडलेल्या टोनखेरीज तोंड उघडत नाही. त्यात सदुसष्ट हर्ट्झ भरले आणि डुलक्यांची सोयही चालू ठेवली. समारूला बाहेर उभे करून, त्या दिवशी म्हटले तसेच म्हणायला सांगितले. जुन्या स्कॅनरमधून ‘रोक’ आले. नवा गप्प राहिला. पुन्हा केले, पुन्हा तेच. समितीतल्या एकाने नवा स्कॅनर उचलून बॅटरी आहे का पाहिली.

समारू आत आला तेव्हा त्याला वाटले, आपल्यावरच काही शेकते आहे. “मैं दू बार बोले हंव, मैडम,” तो म्हणाला. “झूठ नइ बोलत हंव.” मी सांगितले की तू दोनदा बोललास हे खरे आहे, आणि कापगत्यांनी एकदाही ऐकले नाही हेही खरे आहे. दोन्ही खरे असू शकते, हे त्याच्या चेहऱ्यावर उमटायला थोडा वेळ लागला. अपघातापासून ते दोघे एकमेकांशी बोलत नव्हते, हे मला नंतर कळले.

 मग डोंगरे साहेबांनी मला विचारले, “म्हणजे माझ्या सूचनेनं झालं, असं लिहिणार तुमी?”

मी म्हणाले की अहवालात चार कारणे एकापुढे एक येतील: खालचा टोन, डुलकी घेणारा संच, एकशब्दी आज्ञा, आणि टोन न कळणाऱ्या स्कॅनरवर ठेवलेला विश्वास. पहिल्या तिन्हींपैकी कोणतेही एक नसते तरी प्लेट थांबली असती, आणि चौथे नसते तर आरोप झाला नसता. त्यांतले पहिले आमच्याच कंपनीने संच बसवताना केलेले होते, आणि तेही मी वगळणार नव्हते. साहेबांनी कागद पुढे ओढला आणि चारही कारणे स्वतःच्या हाताने उतरवून घेतली. त्यांच्याविषयीचे माझे मत तेव्हा बदलले.

पण टेबलावरची खात्री त्यांना पुरेशी वाटत नव्हती. क्रेनवर चाचणी घ्यायची, असे त्यांनी ठरवले, आणि मला ते पटले. पहिल्या टोळीचा टोन बदलला. वरची पट्टी निवडताना दोन बंधने असतात: फार वर गेले तर सूर बोलण्यामागे गुणगुणल्यासारखा ऐकू येतो, आणि शंभर किंवा दीडशेच्या जवळ राहिले तर कारखान्यातल्या मोटारींची विजेची घरघर त्यात मिसळते. मी १६२.२ घेतला. डुलक्यांची सोय बंद केली. त्यामुळे बॅटरी पूर्ण पाळी टिकणार नव्हती. मध्यंतरात दुसरी लावावी लागेल, हे मान्य करून घेतले. टोळीला स्वतंत्र वारंवारिता मिळेपर्यंत नजरेआड भार उतरवताना बटण दाबून जप करावा, असा बदल सूचनेत झाला. तरीही चाचणी जपाशिवायच घ्यायची होती, एकट्या ‘रोक’वर, कारण घाबरलेला माणूस सूचना आठवत नाही.

त्या दिवशी शेड रिकामी केली होती. प्लेटखाली माणसाच्या पावलाच्या जागी, तितक्याच उंचीचा एक लाकडी ठोकळा ठेवला. आधी दुसऱ्या चालकाला केबिनमध्ये बसवून जुन्या मांडणीवर प्रयोग केला. प्लेट गुडघ्याच्या उंचीवर आली, समारूने त्या सकाळसारखेच तुटक ‘रोक’ दोनदा म्हटले. प्लेट न थांबता आली आणि ठोकळ्यावर बसली. लाकूड करकरले. 

मग डोंगरे साहेबांनी कापगत्यांना वर जायला सांगितले. ज्याच्यावर आरोप आहे त्यानेच दुसरी चाचणी द्यावी, हा त्यांचा आग्रह होता. अपयश आले असते तर माझा अहवाल बाजूला पडला असता आणि कापगत्यांची नोकरीही गेली असती. कापगते शिडी चढताना मध्ये एकदा थांबले, तळहात पँटला पुसले आणि पुढे गेले.

नवा ठोकळा ठेवला. प्लेट उचलली गेली, सरकली, खाली येऊ लागली. गुडघ्याची उंची. समारूने बटण दाबले, शब्द फेकला, बटण सोडले. एकदाच.

क्रेनचा ब्रेक लागल्याचा आवाज झाला. प्लेट दोरांवर किंचित डोलली आणि स्थिर झाली.

डोंगरे साहेबांनी खाली वाकून मधली मोकळी जागा पाहिली, मग चौकशीच्या लिपिकाला सांगितले की आरोप मागे घेतल्याचा मसुदा आजच तयार करा. समारूने पुन्हा बटण दाबले आणि, रेडिओवर अनावश्यक बोलू नये हे विसरून, वर कळवले, “कापगते भाऊ, हो गे. उतर आ.” त्याला उत्तर म्हणून बराच वेळ नुसती उघडी लहर आली. वर कोणीतरी बटण दाबून धरले होते आणि बोलत नव्हते.

तुलाराम चाचणी पाहायला आला होता. कुबडी बगलेत, डाव्या पायात कापलेली चप्पल. त्याला कोणी बोलावले नव्हते, पण अडवलेही नव्हते. माझ्या अहवालातून त्याला काही मिळणार नव्हते. बोटे परत येणार नव्हती आणि खलाशाचे काम पुन्हा जमणार नव्हते. तो खुर्चीवरून उठून टांगलेल्या प्लेटजवळ आला, ठोकळा आणि प्लेट यांच्यामध्ये पाहत राहिला.

“कतका बाचिस, मैडम?” त्याने विचारले. किती उरले?

मी नियमाप्रमाणे प्लेटखाली आधार लावून घेतले, मग वाकून टेप लावली. तो शेजारी उभा होता, म्हणून आकडा आधी मोठ्याने वाचला आणि नंतर लिहिला: बावीस सेंटीमीटर.